महिला मंडळातील समित्या आणि जबाबदाऱ्या कशा ठरवाव्यात

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात, मानेवाड्यात किंवा नंदनवनात एका वस्तीतील पंधरा-वीस जणी एकत्र येऊन उन्हाळ्यात पाणपोई चालवू लागतात. मग त्यातूनच गरजू मुलींना वह्या देणे, मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना डबे पोहोचवणे अशी कामे वाढत जातात. काम वाढले की दोघी-तिघींवरच सगळा भार पडू लागतो, बाकीच्यांना आपण नेमके काय करायचे हे कळत नाही आणि वर्गणीचा हिशेब कोणा एकीच्या वहीत अडकून राहतो. समित्या नेमण्याची वेळ हीच असते. माझ्या पाहण्यात मंडळे विचारांच्या मतभेदांमुळे क्वचितच मोडली आहेत. कोणता निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नसल्यामुळे मात्र बरीच मोडली आहेत. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक जबाबदारीबरोबर तिचा अधिकार, खर्चाची मर्यादा आणि मुदत या तीन गोष्टी लेखी असाव्यात, असा आग्रह मी धरणार आहे.

पदांच्या आधी वर्षाचे काम मांडावे

पहिल्या बैठकीत अध्यक्षा कोण, हा प्रश्न घेऊच नये. त्याऐवजी एका मोठ्या कागदावर बारा महिने लिहून प्रत्येक महिन्यासमोर मंडळ खरोखर करू शकेल अशी कामे भरावीत. नागपूरचे वर्ष स्वतःच्या चालीने चालते आणि त्या चालीशी जुळवून घेतले नाही तर चांगली योजनाही फसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. मार्चमध्ये परीक्षा आणि ३१ मार्चला आर्थिक वर्षाची अखेर. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारा उन्हाळा, ज्यात पाणपोईखेरीज दुपारचे दुसरे कोणतेही काम ठरवू नये. उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यामुळे वह्या-दप्तरांचे वाटप जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवल्यास मुली भेटतच नाहीत. पुढे पोळा आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा, गणपती, विजयादशमीला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर आणि दिवाळी. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असले की सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूला मोर्चे, बंदोबस्त आणि वळवलेली वाहतूक असते. त्या आठवड्यांत त्या भागात कार्यक्रम ठेवण्याचा हट्ट करू नये.

हा कागद भरला की समित्या आपोआप दिसू लागतात. जे काम वर्षभर चालते, जसे सभासदांशी संपर्क, हिशेब आणि रुग्णसेवा, त्याला स्थायी समिती हवी; जे काम ठरावीक दिवसांपुरते आहे त्याला तात्पुरती समिती पुरते आणि काम संपताच ती विसर्जित झाली पाहिजे. पंचवीस सभासद असलेल्या मंडळाने तीनपेक्षा अधिक स्थायी समित्या करू नयेत. बाईला पद देण्यासाठी समिती काढली की त्या समितीला काम शोधत बसावे लागते.

कार्यकारिणी

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी करायची असल्यास किमान सात व्यक्ती लागतात, म्हणून कार्यकारिणीही सातपासून सुरू करणे सोयीचे असते. सात, नऊ किंवा अकरा अशी विषम संख्या ठेवल्यास मतदानात कोंडी होत नाही. अध्यक्षा, उपाध्यक्षा, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्षा आणि दोन ते चार सदस्या एवढी रचना बहुतेक मंडळांना पुरेशी होते. सल्लागार, मार्गदर्शिका, संरक्षिका अशी मानाची पदे ज्येष्ठ भगिनींना जरूर द्यावीत, परंतु त्यांना मताचा अधिकार आहे किंवा नाही हे नियमावलीत स्पष्ट लिहावे. नाहीतर ऐन अटीतटीच्या ठरावाच्या वेळी हा वाद उभा राहतो.

अध्यक्षेने सभा चालवावी, मंडळाच्या वतीने बोलावे, निवेदनांवर स्वाक्षरी करावी आणि नियमावलीत तरतूद असल्यास समसमान मते पडल्यावर निर्णायक मत द्यावे. तिने स्वतः खरेदीला जाऊ नये. अध्यक्षाच खरेदी करू लागली की बिलावर प्रश्न विचारण्याचे धाडस कोणी करत नाही, आणि ती कितीही प्रामाणिक असली तरी तो न विचारलेला प्रश्न मनात राहतो. उपाध्यक्षेला केवळ अध्यक्षेच्या गैरहजेरीसाठी राखून ठेवणे म्हणजे एक चांगली कार्यकर्ती वाया घालवणे होय. सर्व उपसमित्यांच्या निमंत्रकांशी, म्हणजे त्या त्या समितीच्या प्रमुखांशी, महिन्यातून एकदा बोलून कोणाचे काम कोठे अडले आहे ते पाहणे, हे काम तिच्याकडे सोपवावे.

मंडळाचा खरा कणा सचिव असते. सभेची सूचना आणि कार्यसूची काढणे, इतिवृत्त लिहिणे, सभासदांची नोंदवही अद्ययावत ठेवणे, महानगरपालिका, पोलीस ठाणे किंवा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करणे आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची आवक-जावक नोंद ठेवणे ही सगळी तिची कामे आहेत. एवढे काम एकटीने करता येत नाही, म्हणून सहसचिवाला नावापुरते न ठेवता इतिवृत्ताची वही तिच्याकडे आणि पत्रव्यवहार सचिवाकडे अशी सरळ वाटणी करावी. सचिव निवडताना उत्तम भाषण करणारी शोधू नये. वेळेवर कागद लिहिणारी आणि फोन उचलणारी शोधावी.

उपसमित्या : पाणपोईचे उदाहरण

उपसमिती कशी बांधावी हे पाणपोईवरून चांगले समजते, कारण तिच्यात परवानगी, पैसा, रोजची पाळी आणि आरोग्य या चारही गोष्टी येतात. एक निमंत्रक आणि चार सदस्या एवढी समिती पुरे. मार्चच्या कार्यकारिणी सभेत तिला एका पानाचे लेखी काम द्यावे : पाणपोई कोठे असेल, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, एकूण किती खर्च मंजूर आहे आणि त्यातील किती रक्कम निमंत्रकाला कोणालाही न विचारता खर्च करता येईल. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. माठ फुटला आणि नवा आणायला अध्यक्षेचा होकार लागत असेल, आणि अध्यक्षा लेकीकडे पुण्याला गेली असेल, तर भर मे महिन्यात दोन दिवस पाणपोई कोरडी राहते.

जागेसाठी आपल्या भागाच्या झोन कार्यालयात अर्ज करावा. नागपूर महानगरपालिकेचे लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी असे दहा झोन आहेत. अनेकदा वस्ती एका झोनमध्ये आणि चौक दुसऱ्या झोनमध्ये असतो, म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी ते विचारून घ्यावे. जागा सावलीची, पदपथ न अडवणारी आणि शक्यतो एखाद्या दुकानाच्या किंवा इमारतीच्या चौकीदाराच्या नजरेत असणारी निवडावी. भर दुपारी कोणा भगिनीने तेथे बसून राहावे अशी अपेक्षा मुळीच ठेवू नये. सकाळी सातला, अकराला आणि दुपारी चारनंतर माठ भरण्याच्या तीन पाळ्या लावाव्यात आणि प्रत्येक पाळीसमोर एकच नाव लिहावे. दोन नावे लिहिली की दोघींनाही दुसरी जाईल असे वाटते. माठाखाली वाळू ओली ठेवणे, भोवती ओले बारदान गुंडाळणे, रोज सकाळी माठ रिकामा करून घासणे आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे साखळीने बांधून ठेवणे या गोष्टी पाळीच्या कागदावरच छापाव्यात, म्हणजे नव्या सदस्येला कोणाला विचारावे लागत नाही. पाऊस सुरू झाला की माठ, झाकणे, ओगराळी आणि फलक मोजून ठेवावेत, त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत (मंडळाच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) करावी, निमंत्रकाने एका पानाचा अहवाल आणि बिले द्यावीत आणि त्याच सभेत समिती विसर्जित झाल्याचा ठराव लिहावा.

अन्नवाटपाच्या समितीला याहून काटेकोर बांधणी लागते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसाच्या स्मरणार्थ दरवर्षी देशभरातून लाखो अनुयायी दीक्षाभूमीवर येतात आणि शहरातील कित्येक संस्था त्यांच्यासाठी भोजनदान व पाण्याची सोय करतात. अशा ठिकाणी सेवा द्यायची असेल तर जागेची परवानगी, स्वयंपाक, वाढप आणि कचरा ही चार कामे चार जणींकडे द्यावीत, आणि कचऱ्याची जबाबदारी शेवटी उरलेल्या बाईवर न टाकता ती आधी वाटावी. सामाजिक किंवा धार्मिक समारंभात अन्नवाटप करणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणीचे नियम लागू होतात, ते अगोदर समजून घ्यावेत. त्याशिवाय एकीला असा अधिकार लेखी द्यावा की तिला भाजीचा वास किंवा चव शंकास्पद वाटल्यास ती क्षणात वाटप थांबवू शकेल आणि त्यावर अध्यक्षाही वाद घालणार नाही. हा अधिकार कोणाकडेच नसला की पातेले उतू जाईपर्यंत सगळ्या एकमेकींकडे पाहत राहतात.

हळदीकुंकवाची समिती वरकरणी सोपी दिसते; तरी तिच्यासमोरचा खरा प्रश्न वाणाचा नसतो, तर बोलावणे कोणाला द्यायचे हा असतो. विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित भगिनींना तसेच अन्य धर्मीय शेजारणींना बोलवायचे किंवा नाही, हे ज्या घरी कार्यक्रम आहे त्या यजमानीणबाईंवर सोडू नये. कार्यकारिणीने सर्वांना सन्मानाने बोलवण्याचा ठराव एकदाच करावा, आणि पुढे ज्या कोणाला ते मान्य नसेल तिच्या घरी मंडळाचा कार्यक्रम ठेवू नये. माझे याबाबतचे मत ठाम आहे, कारण ज्या भगिनी वर्षभर पाण्याचे माठ भरतात त्यांना जानेवारीत दाराबाहेर ठेवणाऱ्या मंडळाला सेवाभावी म्हणवून घेण्याचा अधिकार उरत नाही.

नागपुरातील स्त्रियांना समित्या नेमून मोठे काम उभे करणे नवीन नाही. २० जुलै १९४२ रोजी येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेच्या अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. आंबेडकरांनी तेथे भाषण केले आणि हजारो स्त्रिया जमल्या होत्या. टेलिफोनही दुर्मीळ असलेल्या काळात केवळ निरोपांवर आणि वाटून घेतलेल्या जबाबदाऱ्यांवर अशी परिषद उभी राहत असे.

पैशांची शिस्त

कोषाध्यक्षेकडे चार गोष्टी असाव्यात : अनुक्रमांक छापलेली पावतीपुस्तके, रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खर्चाची प्रमाणके (व्हाउचर) आणि बँकेचे पासबुक. बँक खाते मंडळाच्या नावाने असावे आणि अध्यक्षा, सचिव व कोषाध्यक्षा या तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या स्वाक्षरीने ते चालावे. त्या दोघींमध्ये कोषाध्यक्षा असलीच पाहिजे असा ठराव केल्यास अधिक बरे. या तिघींपैकी कोणत्याही दोघी एकाच घरातील नसाव्यात. जमा झालेली रोख रक्कम दोन-तीन दिवसांत बँकेत भरावी, त्या रकमेतून परस्पर खर्च करू नये, आणि किरकोळ खर्चासाठी ठरावीक रक्कम वेगळी काढून ती संपल्यावर प्रमाणके दाखवूनच पुन्हा भरून घ्यावी. यूपीआयने येणारी वर्गणी कोणाच्याही वैयक्तिक क्रमांकावर घेऊ नये, तो क्रमांक कोषाध्यक्षेचा असला तरीही.

भिशी आणि मंडळ या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या ठेवाव्यात. अनेक मंडळांत त्याच बायका भिशीतही असतात, त्यामुळे एकाच बैठकीत दोन्हींचे पैसे गोळा होतात आणि एका हप्त्याची उधारी दुसऱ्या पाकिटातून भरली जाते. भिशी दुसऱ्या दिवशी ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मंडळाची नोंदणी झालेली नसेल आणि धर्मादाय कामासाठी लोकांकडून देणग्या गोळा करायच्या असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते. नोंदणी झाल्यावर दरवर्षीचे हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घेणे बंधनकारक असते. देणगीदारांना प्राप्तिकरात सवलत मिळावी म्हणून कलम ८० जी ची मान्यता घेतलेली असेल, तर दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, हे पावती देणाऱ्या प्रत्येक सदस्येला माहीत असावे. लेखापरीक्षक पदाधिकाऱ्यांच्या नात्यातील नसावा.

हिशेब वर्षातून एकदा वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येक मासिक सभेत पाच ओळींत सांगावा : मागील शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक आणि येणे-देणे. पाच ओळी ऐकायला कोणी कंटाळत नाही आणि वर्षाच्या शेवटी कोणाला धक्का बसत नाही.

सभा

कार्यकारिणीची सभा महिन्यातून एकदा आणि सर्व सभासदांची सभा वर्षातून किमान एकदा घ्यावी. दुपारी तीन ते साडेचार ही महिला मंडळाची परंपरागत वेळ गृहिणींना सोयीची असली तरी नोकरी करणाऱ्या भगिनींना ती कायमची बाहेर ठेवते, म्हणून एक महिना दुपारी आणि एक महिना रविवारी सकाळी असा क्रम लावावा. कार्यसूची आठ दिवस आधी पाठवावी. गणपूर्ती (कोरम) किती सदस्यांची हे नियमावलीत लिहावे, आणि ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासाने पुन्हा भरवण्याची तरतूदही तेथेच करावी.

इतिवृत्तात भाषणे लिहू नयेत. ठराव, सूचक, अनुमोदक, काम कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत आणि किती खर्च मंजूर एवढेच लिहावे, आणि पुढील सभेत ते वाचून कायम केल्यावर अध्यक्षेने स्वाक्षरी करावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर वीस जणींनी अंगठा दाखवला म्हणजे ठराव झाला असे समजू नये. तातडीच्या प्रसंगी तसा निर्णय घ्यावाच लागला तर पुढील सभेत तो मांडून मंजूर करून घ्यावा. गटावर सूचना टाकण्याचा अधिकार सचिव, सहसचिव आणि निमंत्रक यांनाच ठेवावा आणि सुप्रभातांसाठी दुसरा गट काढून द्यावा, म्हणजे पाळीचा निरोप फुलांच्या चित्रांखाली गाडला जात नाही.

आपल्याकडे वयाचा मान सभेतही येतो. वयाने मोठ्या काकूंनी प्रस्ताव मांडला की विरोध करणे अवघड जाते, आणि एकाच मंडळात सासू व सून दोघी असतील तर सुनेचे मत बहुधा ऐकायलाच मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या विषयावर अध्यक्षेने सर्वांत नव्या सदस्येपासून बोलण्याची सुरुवात करावी आणि पदाधिकाऱ्यांची निवड चिठ्ठ्यांनी घ्यावी. सासू ज्या समितीची निमंत्रक असेल त्या समितीत सून घालू नये. घरची कामे वाटून घेताना जो वाद होतो तो मंडळाने विकत घेण्याचे कारण नाही.

कार्यकाळ आणि हस्तांतरण

पदाचा कार्यकाळ नियमावलीत लिहावा. तीन वर्षे आणि एका पदावर सलग दोनच वेळा, हा नियम बहुतेक मंडळांना मानवतो. सचिव आणि कोषाध्यक्षा एकाच वर्षी बदलू नयेत, कारण दोघी नव्या असल्यास जुना कागद कोठे आहे हे सांगणारे कोणी राहत नाही. पहिल्या निवडीत एकीला दोन आणि दुसरीला तीन वर्षे दिली की पुढे बदल आपोआप वेगवेगळ्या वर्षी येतात. सहसचिवाने पुढे सचिव व्हावे अशी वाट ठेवली तर शिकण्याचा काळही त्यातच निघून जातो. पद सोडायचे असेल तर राजीनामा लेखी द्यावा आणि तो कार्यकारिणीने ठरावाने स्वीकारावा; रागाच्या भरात गटातून बाहेर पडणे म्हणजे राजीनामा नव्हे, असेही नियमावलीत लिहून ठेवण्यास हरकत नाही. तक्रार आल्यास ती ऐकण्यासाठी कार्यकारिणीबाहेरील दोन ज्येष्ठ सभासदांची नावे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावीत.

नवी कार्यकारिणी निवडली गेली की नोंदणीकृत संस्थेने नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर सांगितलेल्या विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ अन्वये बदल अर्ज द्यावा लागतो. सभेची सूचना, उपस्थितीच्या स्वाक्षऱ्या, ठरावाची प्रत आणि नव्या-जुन्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे त्याच आठवड्यात गोळा करावीत. तीन महिन्यांनी जुन्या सदस्येची स्वाक्षरी आणायला कधी अकोल्याला तर कधी बेंगळुरूला माणूस पाठवावा लागतो. बदल अर्ज दाखल करताना त्याच दिवशी बँकेत स्वाक्षरी बदलण्याचा अर्ज द्यावा. हस्तांतरणाच्या दिवशी पावतीपुस्तके वापरलेली आणि कोरी अशी मोजून, इतिवृत्ताच्या वह्या, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड, शिक्का, कपाटाच्या किल्ल्या, बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड, व्हॉट्सअ‍ॅप गटाचे व्यवस्थापन आणि जडसंग्रह नोंदवहीतील प्रत्येक वस्तू एका यादीत लिहावी, आणि त्या यादीच्या दोन प्रतींवर देणारी, घेणारी आणि एक साक्षीदार अशा तिघींच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात. पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत.